टोलनाक्यावरची रांग आणि शेवटच्या क्षणी घेतलेला निर्णय

१९६६ च्या शरदात ऑस्लोमधल्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात दोन माणसे एका पुलावरच्या टोलनाक्याशी झटत होती. पूल कागदावरचाच होता. क्रिस्टेन न्यूगोर आणि ओले-योहान डाल यांना आपल्या सिम्युला या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती घडवायची होती आणि विचार घासूनपुसून पाहण्यासाठी त्यांनी हे उदाहरण हाती घेतले होते. नाक्यावर वाहनांची एकच रांग आहे. तिच्यात ट्रक आहेत, बस आहेत, सगळे मिसळून उभे आहेत. रांगेला त्याचे सोयरसुतक नाही. पुढे कोण आणि मागे कोण एवढे कळले की तिचे भागते. पण ट्रकजवळ माल आहे, बसमध्ये प्रवासी आहेत, आणि नाक्यावर पोचल्यावर दोघांचे वागणे सारखे असणार नाही. मग प्रोग्राममध्ये रांग लिहायची ती कुणाची? ट्रकची, बसची, की दोघांची दोन वेळा?

आज रनटाइम पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय, हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत हमखास येतो, आणि विद्यार्थी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. ती व्याख्या ज्या अडचणीतून निघाली ती अडचण मात्र फार थोड्यांना भेटलेली असते. माझे ठाम मत आहे की ही अडचण समजली की व्याख्येची गरजच उरत नाही.

न्यूगोर यांचा जन्म १९२६ चा. १९४८ मध्ये ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत रुजू झाले. देशाची पहिली अणुभट्टी उभी राहायची होती आणि तिच्यासाठी लागणारी आकडेमोड नेहमीच्या समीकरणांना दाद देत नव्हती. म्हणून यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांवर एकेका कणाचा प्रवास पुन्हा पुन्हा चालवून पाहायचा, असा मार्ग त्यांनी धरला, तोही हाताने. एखादी व्यवस्था सूत्रात बसत नसेल तर ती चालवून पाहावी, ही सवय त्यांना तिथे लागली. १९५२ मध्ये डाल सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्याच संस्थेत आले. ते न्यूगोर यांच्याहून ५ वर्षांनी लहान, शांत आणि कंपायलरच्या कामात कमालीचे तरबेज. न्यूगोर यांची नजर माणसांवर आणि कारखान्यांवर असे, डाल यांची मेमरीतल्या शब्दांवर. पुढे जे घडले त्यात या दोन नजरांचा वाटा सारखाच आहे.

१९६० मध्ये न्यूगोर संगणन केंद्रात गेले. बंदरे, कारखाने, वाहतूक यांच्या अभ्यासात त्यांना एक गोष्ट खुपत होती. व्यवस्थेचे वर्णन एका भाषेत व्हायचे आणि संगणकाचा प्रोग्राम दुसऱ्याच भाषेत, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. व्यवस्थेत काम करणाऱ्या माणसाला वाचून कळेल आणि यंत्राला जसेच्या तसे चालवता येईल, असे एकच वर्णन त्यांना हवे होते. १९६२ मध्ये युनिव्हॅक कंपनीच्या आमंत्रणावरून ते अमेरिकेला गेले आणि बोलण्याबोलण्यात त्यांनी भाषेची कल्पना कंपनीच्या गळी उतरवली. केंद्राला युनिव्हॅक ११०७ हे यंत्र मोठ्या सवलतीत मिळाले, बदल्यात सिम्युलाचा कंपायलर कंपनीला द्यायचा ठरला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये यंत्र ऑस्लोत आले, डालही त्या वर्षी केंद्रात आले, आणि १९६४ संपता संपता पहिली सिम्युला चालू लागली.

या पहिल्या सिम्युलात टोलनाक्याची रांग लिहिता येत होती, पण लिहिणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येई. रांगेत निरनिराळ्या जातीचे घटक ठेवता येत. मात्र त्यातला एखादा घटक हाती घेतला की आधी त्याची जात विचारावी लागे. त्यासाठी भाषेत खास वाक्यरचनाच होती: हा घटक तपासा, ट्रक असेल तर हे करा, बस असेल तर ते करा. एका जागी हे ठीक आहे. पण टोल घेताना, रांगेत पुढे सरकताना, दिवसाचा हिशेब काढताना, प्रत्येक ठिकाणी तीच चौकशी. उद्या टँकर आला की या सगळ्या जागा शोधून प्रत्येकीत एकेक ओळ वाढवायची, आणि एखादी जागा नजरेतून सुटली तर चूक महिनोन्‌महिने दबून राहायची. शिवाय ट्रक आणि बस यांच्यात जे समान आहे तेही दोन्हीकडे पुन्हा लिहावे लागे.

निम्मे उत्तर इंग्लंडमधून आले. टोनी होर यांनी १९६५ च्या अखेरीस नोंदींच्या हाताळणीवर एक लेख लिहिला होता, आणि १९६६ च्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या व्हिलार-द-लान्स या डोंगरी गावात भरलेल्या उन्हाळी वर्गात त्यांनी तो विषय मांडला. तिथे डालही व्याख्याते होते. होर यांच्या मांडणीत नोंदींचे वर्ग होते, उपवर्गही होते. पण उपवर्गांची यादी मूळ वर्गाच्या घोषणेतच द्यायची. म्हणजे घर बांधतानाच त्यात पुढे कोण कोण राहणार हे लिहून ठेवायचे. न्यूगोर आणि डाल यांना दार उघडे हवे होते. ज्याने रांग लिहिली त्याने टँकरचे नावही ऐकलेले नसावे, आणि तरी टँकर रांगेत उभा राहावा.

वादविवाद कडाक्याचे होत. केंद्रातला एक किस्सा दोघांनीही पुढे नोंदवून ठेवला आहे. एका नव्या कर्मचाऱ्याने घाबऱ्याघुबऱ्या येऊन दूरध्वनी चालिकेला सांगितले की वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन माणसांचे जोरदार भांडण जुंपले आहे, काय करावे? तिने क्षणभर कान दिला आणि सांगितले, काळजी नको, डाल आणि न्यूगोर सिम्युलाची चर्चा करताहेत.

त्या हिवाळ्यात वाट सापडली. आधी वाहन नावाचा क्लास लिहायचा. मग ट्रक लिहिताना त्याच्या पुढे वाहन हे नाव उपसर्गासारखे जोडायचे. ट्रकचा प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे वाहनाचा गाभा आणि त्यावर ट्रकचे थर, सगळे मेमरीत सलग. गाभा नेहमी सुरुवातीला असल्यामुळे, ज्या कोडला फक्त वाहन ठाऊक आहे तो ट्रकलाही बिनदिक्कत वाहन म्हणून वापरू शकतो. पुढचे-मागचे कोण हे शोधायला त्याला जिथे पाहायचे तिथेच ते सापडते. १९६७ च्या मे महिन्यात ऑस्लोजवळ लिसेबू येथे सिम्युलेशनच्या भाषांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे दोघांनी क्लास आणि सबक्लास यांवरचा निबंध वाचला.

आता रांग एकच झाली. पण नाक्यावरची चौकशी अजून शिल्लक होती. रांगेच्या कोडला समोरचे वाहन वाहन म्हणूनच दिसते, मग टोल आकारताना ट्रकची रीत वापरायची की बसची, हे त्याला कुणी सांगायचे? सिम्युलाची मूळ भाषा असलेल्या अल्गोलमध्ये प्रोसिजरच पॅरामीटर म्हणून देण्याची सोय होती. पण क्लासचे ऑब्जेक्ट ज्या ब्लॉकमध्ये जन्मतात त्याच्या पलीकडेही जगू शकतात, त्यामुळे क्लासला असे पॅरामीटर देणे धोक्याचे ठरले असते. आराखडा जवळजवळ पुरा होत आला असताना उत्तर सापडले आणि ते त्याच वर्षी सिम्युला ६७ मध्ये आले: व्हर्च्युअल प्रोसिजर. वाहनाच्या क्लासमध्ये एवढेच जाहीर करायचे की टोल नावाची प्रोसिजर आहे आणि ती व्हर्च्युअल आहे. ती प्रत्यक्षात काय करते हे खालचा क्लास सांगेल. रांगेच्या कोडने समोरच्या वाहनाला फक्त टोल भर म्हणायचे. कोणती रीत चालवायची हे प्रोग्राम लिहिताना ठरत नाही, कंपाइल करतानाही ठरत नाही. ते त्या क्षणी समोर कोण उभे आहे यावर ठरते, आणि रनटाइम पॉलिमॉर्फिझम म्हणतात ते यालाच.

हे घडते कसे ते थोडे सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण यात जादू काही नाही आणि तरीही रचना फार सुंदर आहे. प्रत्येक क्लाससाठी कंपायलर एक छोटा तक्ता तयार करतो. वाहनात टोल आणि पुढे सरकणे अशा दोन व्हर्च्युअल प्रोसिजर असतील तर तक्त्यात दोन खाने, टोलचा पहिला, सरकण्याचा दुसरा. खान्यात त्या प्रोसिजरचा कोड मेमरीत कुठे आहे तो पत्ता. ट्रकचा तक्ता वाहनाच्या तक्त्याची नक्कल म्हणून सुरू होतो. ट्रकने टोलची स्वतःची रीत दिली असेल तर पहिल्या खान्यातला पत्ता बदलला जातो, सरकण्याविषयी तो काही बोलला नसेल तर दुसरा खाना तसाच राहतो. ट्रकने एखादी नवी व्हर्च्युअल प्रोसिजर आणली तर तिला तिसरा खाना मिळतो. जुन्या खान्यांचे क्रमांक मात्र कधीही हलत नाहीत, आणि सगळी मेख इथेच आहे. प्रत्येक ऑब्जेक्ट जन्मताना आपल्या क्लासच्या तक्त्याचा पत्ता आपल्याजवळ घेऊन येतो. ट्रक हजार असले तरी तक्ता एकच, प्रत्येकाजवळ फक्त त्याचा पत्ता.

मग रांगेच्या कोडचे काम तीन पावलांचे उरते. समोरच्या ऑब्जेक्टमधून तक्त्याचा पत्ता उचलायचा, पहिला खाना वाचायचा, तिथे लिहिलेल्या पत्त्यावर उडी घ्यायची. खान्याचा क्रमांक कंपायलरला आधीपासून ठाऊक असतो, खान्यात काय असेल हे त्याला ठाऊक नसते आणि असण्याची गरजही नसते.

यातून जे निघते ते मला प्रोग्रामिंगच्या सबंध इतिहासातल्या सर्वांत मोठ्या गोष्टींपैकी एक वाटते. नव्याने जुन्याला बोलावणे ही रीत आधीपासूनच होती. लायब्ररी आधी लिहिली जाते, प्रोग्राम नंतर, आणि प्रोग्राम लायब्ररीला हाक मारतो. इथे हे नाते सहज उलटता आले. आज कंपाइल करून बाजूला ठेवलेला रांगेचा कोड, ५ वर्षांनी कुणीतरी लिहिलेल्या टँकरची रीत चालवतो, आणि त्यासाठी रांगेच्या कोडमधला एक शब्दही बदलावा लागत नाही. जुना कोड नव्या कोडला हाक मारतो, त्याच्या जन्माआधी लिहिलेल्या ओळीतून. न्यूगोर यांना हवे असलेले उघडे दार ते हेच. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, कारखान्यात येणाऱ्या संगणकीय व्यवस्था कामगारांना समजाव्यात आणि त्यांचे त्यांवर काही चालावे म्हणून. ज्याने व्यवस्था आखली त्याच्या हाती सगळेच निर्णय राहू नयेत, हा धागा मला त्यांच्या भाषेतही दिसतो आणि त्यांच्या राजकारणातही.

असा तक्ता सुचलेले ते एकटेच नव्हते. ॲलन के यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे की १९६१ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलात असताना त्यांनी बरोज २२० यंत्राच्या टेपांवर एक विलक्षण मांडणी पाहिली. टेपच्या शेवटी नोंदी, मधे त्या नोंदी वाचणाऱ्या प्रोसिजर, आणि सुरुवातीला त्या प्रोसिजरांच्या पत्त्यांची रांग. दुसऱ्या तळावरच्या यंत्राला टेपवरच्या नोंदींचा आकार ठाऊक असण्याची गरजच नव्हती, सुरुवातीच्या अमुक क्रमांकाच्या पत्त्यावर उडी घेतली की काम होई. ही युक्ती कुणाची, ते नाव इतिहासाला मिळालेले नाही. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी केलेल्या स्केचपॅड या चित्रे काढण्याच्या प्रोग्राममध्येही प्रत्येक प्रकारच्या आकृतीसाठी एक समान नोंद होती आणि तिच्यात तो आकार हाताळणाऱ्या उपप्रोग्रामांचे पत्ते होते. गरज एकच होती, म्हणून उत्तरही तिघांना वेगवेगळ्या ठिकाणी सापडले. ऑस्लोच्या जोडीने ते भाषेच्या व्याकरणात आणले, हा त्यांचा मान.

के १९६६ मध्ये युटा विद्यापीठात पोचले तेव्हा त्यांच्या हाती एक टेप पडली. ही अल्गोल आहे, चालत नाही, चालवून दाखवा, असा निरोप सोबत होता. त्यांनी आणि एका सहकाऱ्याने प्रोग्रामचा लांबलचक छापील कागद बोळात अंथरला आणि त्यावर रांगत रांगत तो वाचला. ती अल्गोल नव्हती, ती सिम्युला होती. त्यातून आणि स्केचपॅडमधून के यांना जे दिसले ते पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या भाषेत उतरले. १९७२ मध्ये तिचे पहिले रूप डॅन इंगल्स यांनी चालवून दाखवले, १९७६ चे रूपही मुख्यतः त्यांचेच.

स्मॉलटॉकने निर्णय आणखी पुढे ढकलला. सिम्युलात वाहनाचा वंशज असल्याशिवाय टोल भरता येत नाही. स्मॉलटॉकमध्ये कुणालाही कोणताही निरोप पाठवता येतो. ऑब्जेक्टच्या क्लासजवळ खान्यांचा तक्ता नसून एक कोश असतो: निरोपाचे नाव आणि त्यासमोर ते काम करणारा कोड. नाव तिथे नसेल तर वरच्या क्लासच्या कोशात शोध, तिथेही नसेल तर आणखी वर, आणि शेवटपर्यंत काही हाती लागले नाही तर त्या ऑब्जेक्टलाच कळवले जाते की हा निरोप तुला समजत नाही, आता तू ठरव. मोकळीक अफाट, पण प्रत्येक निरोपामागे शोध. तीन पावलांच्या जागी कधी डझनभर.

या किमतीची धास्ती घेतलेला एक माणूस त्याच सुमारास केंब्रिजमध्ये होता. डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरात शिकलेले ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप डॉक्टरेटसाठी एकमेकांशी जोडलेल्या यंत्रांचे सिम्युलेशन करत होते, सिम्युलातच. प्रोग्राम लिहिताना भाषा त्यांना फार आवडली, डोक्यातली कल्पना आणि कागदावरचा क्लास यांच्यात अंतरच उरत नव्हते. पण प्रोग्राम मोठा झाल्यावर चालेना. ८० टक्क्यांहून अधिक वेळ टाकाऊ मेमरी गोळा करण्यात जात होता, आणि त्यांच्या प्रोग्राममध्ये टाकाऊ मेमरी तयारच होत नव्हती. शेवटी सगळे बीसीपीएल या जवळजवळ यंत्रपातळीच्या भाषेत पुन्हा लिहावे लागले. १९७९ मध्ये ते न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये गेले ते सिम्युलाची रचना आणि सी या भाषेचा वेग एकत्र आणण्याचा निश्चय करून.

त्यांच्या पहिल्या प्रयत्नात, 'क्लासेससह सी' या भाषेत, व्हर्च्युअल फंक्शने नव्हती. ती १९८३ मध्ये आली, आणि त्याच वर्षी भाषेला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. सहकाऱ्यांपैकी अनेकांना ही भर अनावश्यक वाटली. फंक्शनचे पॉइंटर सीमध्ये होतेच. युनिक्सच्या गाभ्यात प्रत्येक उपकरणासाठी उघडणे, वाचणे, लिहिणे यांच्या फंक्शनांचे तक्ते हाताने भरलेले होतेच. मग हे त्याच पॉइंटरांचे लंगडे रूप नव्हे काय? आक्षेपात तथ्य होते. पण हाताने भरलेल्या तक्त्यात चुकीचे फंक्शन चुकीच्या खान्यात बसू शकते आणि यंत्र मुकाट्याने तिथे उडी घेते. कंपायलरने भरलेल्या तक्त्यात ते होत नाही. स्ट्रॉस्ट्रुप यांनी आणखी एक दक्षता घेतली. ज्याने व्हर्च्युअल असे लिहिले नाही त्याच्या ऑब्जेक्टमध्ये तक्त्याचा पत्ताही ठेवला जाणार नाही. जो ही सोय वापरत नाही त्याने तिची किंमतही मोजू नये. १२ वर्षांनी आलेल्या जावा या भाषेने नेमके उलटे केले. तिथे साधारण पद्धत व्हर्च्युअलच असते, नको असेल तर तसे सांगावे लागते. जावाच्या बाजूने कौल देणे सोपे आहे, पण १९८३ मध्ये, त्या काळच्या यंत्रांवर आणि त्या शंकेखोर सहकाऱ्यांसमोर, स्ट्रॉस्ट्रुप यांची काटकसर नसती तर व्हर्च्युअल फंक्शने सीच्या जगात शिरलीच नसती असे मला वाटते.

स्मॉलटॉकच्या बाजूचे लोकही स्वस्थ बसले नव्हते. १९८४ मध्ये पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी एक साधे निरीक्षण कामाला लावले: प्रोग्राममधल्या एका ठराविक ओळीवर बहुतेक वेळा एकाच क्लासचे ऑब्जेक्ट येतात. मग गेल्या वेळचे उत्तर त्या ओळीतच लिहून ठेवावे, पुढच्या वेळी क्लास तोच आहे का एवढे पाहावे, असेल तर शोध न घेता थेट जावे. डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांच्या सेल्फ या भाषेवर काम करताना उर्स ह्योल्झ्ले, क्रेग चेंबर्स आणि उंगर यांनी १९९१ मध्ये त्याच जागी एकाऐवजी अनेक उत्तरे साठवण्याची पद्धत मांडली. १९९९ मध्ये आलेल्या जावाच्या हॉटस्पॉटने तर एखाद्या फंक्शनचे एकच रूप सध्या अस्तित्वात आहे असे दिसले की उडी काढून टाकून तो कोड थेट त्या जागी ओतायला सुरुवात केली. मग दुसरे रूप असलेला क्लास प्रोग्राम चालू असतानाच दाखल झाला, तर ओतलेला कोड मधेच रद्द करून काम पुन्हा जुन्या मार्गावर आणले जाते. सेल्फ आणि हॉटस्पॉट या दोन्हींवर राबलेले लार्स बाक हेही ऑर्हुसचेच विद्यार्थी. २००८ मध्ये गूगल क्रोम या ब्राउझरबरोबर आलेले जावास्क्रिप्टचे व्ही८ इंजिन त्यांच्या गटाने ऑर्हुसमध्येच घडवले, आणि ज्या भाषेत तेव्हा क्लासच नव्हते तिच्यासाठी पडद्याआड क्लास तयार करून हीच युक्ती वापरली.

डाल आणि न्यूगोर यांना २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २००२ च्या जूनमध्ये डाल गेले, ऑगस्टमध्ये न्यूगोर.

या सगळ्या युक्त्यांनंतर उडीची किंमत संपायला हवी होती. प्रोसेसरही आता उडी कुठे लागेल याचा अंदाज बांधून पुढचा कोड आधीच चालवू लागले होते, आणि अंदाज बहुधा बरोबर येई. मग २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाचा दोष जाहीर झाला. हा अंदाजच बाहेरच्या हल्लेखोराला फसवता येतो आणि त्यातून गुपिते झिरपतात, असे उघड झाले. बचावासाठी लिनक्सच्या गाभ्यात तक्त्यातून घेतलेल्या प्रत्येक उडीवर अंदाज बांधण्याला आवर घालणारी वळणे बसवली गेली, आणि जिथे सेकंदाला लाखो पॅकेट नेटवर्कमधून जातात तिथे ही वळणे महाग पडू लागली. त्यावर लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांनी काढलेला उपाय असा: उडी घेण्याआधी खान्यातला पत्ता अपेक्षित एक-दोन फंक्शनांपैकी आहे का ते तपासायचे, असेल तर त्याला नाव घेऊन थेट बोलवायचे, नसेल तरच तक्त्याच्या वाटेने जायचे. ही तपासणी त्या मोजक्या जागी प्रोग्रामरांनी हाताने लिहिली आहे, आणि नवे फंक्शन नेहमीचे होऊन बसले की ती ओळही त्यांनाच बदलावी लागते.